स्मूद जॅझ खरे जॅझ आहे का? वादात उतरण्यापूर्वी काय आणि कसे ऐकावे

जॅझ नव्याने ऐकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक ठेच लागते. सॅक्सोफोनची एखादी सुरेल धून त्याच्या मनात भरते, तो ती कुणा जाणकाराला कौतुकाने ऐकवतो आणि समोरून उत्तर येते, की हे जॅझ नव्हेच, हे स्मूद जॅझ आहे. सॅक्सोफोनवादक केनी जी यांचे नाव निघाले असेल तर उत्तराचा सूर आणखी तुसडा होतो. नवखा माणूस मग आपली आवड लपवू लागतो, नाहीतर जॅझ ऐकणारे सगळेच शिष्ट असतात असे ठरवून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत, कारण या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच दाव्याला बांधलेले असतात: हे संगीत कोणत्या घराण्यातून आले, ते कोणत्या रीतीने वाजवले जाते आणि ते कोणी, कोणाला, कशासाठी विकले. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. 'स्मूद जॅझ' हे एखाद्या संगीतप्रकाराचे नाव कमी आणि रेडिओच्या एका मांडणीचे नाव जास्त आहे. म्हणून त्या नावाखाली वाजलेल्या सगळ्या संगीताचा एकगठ्ठा निकाल लावता येत नाही. निकाल लावायचाच असेल तर एकेका ध्वनिमुद्रणाचा लावावा आणि तो लावताना गोडवा किंवा खप यांकडे न पाहता वादक एकमेकांना ऐकत आहेत की नाहीत, एवढे पाहावे. हे कानाने कसे ओळखायचे, हे पुढच्या पायऱ्यांत सांगितले आहे. त्यासाठी वाद्य वाजवता येण्याची किंवा स्वरलिपी वाचता येण्याची गरज नाही. एक बरा हेडफोन आणि तेच ध्वनिमुद्रण तीन-चार वेळा ऐकण्याची तयारी पुरेशी आहे.

पहिली पायरी: नाव कुठून आले ते पाहावे

स्विंग, बीबॉप, कूल ही जॅझच्या शैलींची नावे वादक, श्रोते आणि समीक्षक यांच्या तोंडी रुळत गेली. स्मूद जॅझचा जन्म वेगळ्या घरात झाला. १४ फेब्रुवारी १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ९४.७ एफएमवरचे केएमईटी हे रॉक संगीताचे नावाजलेले केंद्र बंद होऊन त्याच जागी केटीडब्ल्यूव्ही, म्हणजे 'द वेव्ह', हे केंद्र सुरू झाले. सुरुवातीला तिथे निवेदकही नव्हते. जे वाजत होते त्यात न्यू एज पद्धतीचे वाद्यसंगीत, मवाळ गायकी आणि हलके फ्यूजन (जॅझ आणि रॉक यांचे मिश्रण) असे सगळेच होते. त्या मिश्रणाला जॅझ म्हणावे असा कोणाचा फारसा आग्रहही नव्हता. 'स्मूद जॅझ' हे नाव त्यानंतर, श्रोत्यांच्या गटांना संगीताचे तुकडे ऐकवून त्यांची पसंती-नापसंती नोंदवणाऱ्या बाजार-संशोधनातून पुढे आले. ब्रॉडकास्ट आर्किटेक्चर या सल्लागार संस्थेच्या अशाच एका बैठकीत कुणा श्रोत्याने सहज उच्चारलेला शब्द उचलला गेला, अशी हकीकत रेडिओच्या व्यवसायात सांगितली जाते.

हे लक्षात ठेवण्याचे कारण असे, की नाव ज्या कामासाठी घडते त्या कामाचा ठसा त्याच्यावर राहतो. इथे काम होते श्रोत्याला केंद्र न बदलता तासन्‌तास थांबवून ठेवण्याचे. अशा निवडीत दचकवणारी गोष्ट आधी गळते: लांबलेले एकल वादन, अचानक चढणारा आवाज, खरखरीत स्वर, बदलता ताल. उरते ते गुळगुळीत असणारच, मग मूळ वादकाच्या मनात काहीही असो.

बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या अमेरिकी नियतकालिकानेही १९८७ मध्ये जॅझ ध्वनिमुद्रिकांच्या यादीपासून समकालीन जॅझची यादी वेगळी काढली, म्हणजे बाजाराने आपल्या सोयीसाठी फाळणी करून टाकली. पुढे न्यूयॉर्कचे सीडी १०१.९ हे केंद्र फेब्रुवारी २००८ मध्ये रॉककडे वळले आणि शिकागोच्या डब्ल्यूएनयूएने मे २००९ मध्ये हा बाज सोडला. त्याच सुमारास अमेरिकेत श्रोत्यांनी वहीत लिहून दिलेल्या नोंदींऐवजी अंगावर बाळगायच्या छोट्या यंत्राने श्रोतृसंख्या मोजली जाऊ लागली होती आणि या केंद्रांचे आकडे त्यामुळे घसरले, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. केंद्रे गेली तरी वादक वाजवत राहिले, ध्वनिमुद्रिका निघत राहिल्या आणि वादही चालूच राहिला.

दुसरी पायरी: झांजेकडे कान द्यावा

माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील 'सो व्हॉट' ही पहिली रचना लावावी. आरंभी पियानो आणि बास यांची संथ कुजबुज आहे, मग बास एक वाक्य म्हणतो आणि त्याला दोन स्वरपुंजांचे ठाम उत्तर मिळते. सुमारे दीड मिनिटाने डेव्हिस यांचे ट्रम्पेट सुरू होते, त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक जोरकस आघात करतात आणि त्याचा नाद बराच वेळ हवेत तरंगत राहतो. तिथून पुढे फक्त झांज ऐकावी. कॉब मात्रेचे दोन समान भाग करत नाहीत. पहिला भाग किंचित लांबतो, दुसरा आखडतो आणि त्या असमान चालीमुळे संगीत पुढे झुकल्यासारखे वाटते. यालाच स्विंग म्हणतात. खाली बास प्रत्येक मात्रेवर एक पाऊल टाकत चालत असतो.

आता केनी जी यांच्या 'डुओटोन्स' या १९८६ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील 'साँगबर्ड' लावावे. इथे मात्रांचे भाग समान आहेत, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठसठशीत ठोका पडतो, ठेका यंत्रवत स्थिर राहतो आणि तो शेवटपर्यंत जवळपास तसाच असतो. हा ठेका सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावपूर्ण लोकप्रिय संगीत) आणि पॉप संगीताकडून आलेला आहे. स्मूद जॅझच्या बऱ्याचशा ध्वनिमुद्रणांचा पाया हाच असतो.

ही कसोटी सोपी आहे, म्हणूनच तिच्यावर विसंबू नये. स्टॅन गेट्झ आणि जोआँव जिल्बेर्तो यांच्या १९६४ सालच्या बोसा नोव्हा (ब्राझीलमधील मृदू गीतशैली) ध्वनिमुद्रिकेत मात्रा समानच आहेत आणि पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या 'हेड हंटर्स' (१९७३) मध्ये तर उघड फंक, म्हणजे नाचाचा जोरकस ठेका, आहे. तरी या दोन्हींना जॅझच्या इतिहासातून बाहेर काढायला फार थोडे लोक धजतील. ठेका संगीत कुठून आले ते सांगतो. वादक आत काय करत आहेत, त्याचा पत्ता त्यातून लागत नाही.

तिसरी पायरी: आवर्तने मोजावीत

'सो व्हॉट' पुन्हा लावावे. तिचा साचा बत्तीस बारांचा आहे आणि एका बारात चार मात्रा आहेत. आठ बारांचे चार तुकडे: पहिले दोन एका स्वरसमूहावर, तिसरा त्याच्याहून अर्ध्या स्वराने वर आणि चौथा पुन्हा मूळ जागी. तिसऱ्या तुकड्यात सगळे जण एकदम किंचित वर सरकल्याचे कानाला कळते. तिथे बोट ठेवता आले की उरलेले आपोआप सापडते. डेव्हिस अशी दोन आवर्तने वाजवतात. त्या दोन आवर्तनांत मूळ धून जवळपास येतच नाही. साचा तोच असतो आणि आतला मजकूर नवा असतो.

स्मूद जॅझच्या साच्यात बहुधा गाण्याची रचना असते. लक्षात राहणारी धून येते, मधला भाग येतो, पुन्हा धून येते, मग आठ किंवा सोळा बारांचे एकल वादन होते आणि धून पुन्हा परतते. वादक त्या जागेत उत्स्फूर्तपणे वाजवतो, यात शंका नाही, पण बरेचदा ते वादन धुनीभोवतीची नक्षी असते आणि तिला फार लांब जाण्याची मुभा नसते. मोजताना एवढेच लिहून ठेवावे, की किती बारांनी धून परत आली आणि त्या मधल्या वेळात वादक तिच्यापासून किती दूर गेला.

या पायरीवरही निकाल देऊ नये. ड्यूक एलिंग्टन यांच्या कितीतरी रचनांत लिहिलेला भाग मोठा आणि उत्स्फूर्त भाग थोडा आहे.

चौथी पायरी: साथ ऐकावी

माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे आणि वादात नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते, कारण प्रत्येकाचे लक्ष सॅक्सोफोनवर असते.

२५ जून १९६१ रोजी पियानोवादक बिल एव्हन्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये केलेले वादन ध्वनिमुद्रित झालेले आहे. त्यातील 'माय फूलिश हार्ट' रात्रीच्या शांततेत ऐकावे. यापेक्षा मृदू संगीत शोधूनही मिळणार नाही. मागे पेल्यांची किणकिण ऐकू येते, लोकांची दबकी बोलणी ऐकू येतात आणि तिघे वादक जणू श्वास राखून वाजवत असतात. आता पियानोकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐकावा. लाफारो ठरावीक मात्रांवर ठरावीक स्वर देत बसत नाहीत. एव्हन्स थांबले की ते एखादे छोटे वाक्य पुढे सरकवतात, पियानो दाट झाला की विरळ होतात, एखाद्या जागी नुसता एक लांब स्वर धरून वाट पाहतात. मोशन यांचे ब्रश, म्हणजे ड्रमवर फिरवायच्या तारांच्या कुंच्या, कधी नुसती सळसळ करतात, तर कधी एव्हन्स यांच्या वाक्याच्या शेवटी एक हलकासा ठिपका देतात. तिघांपैकी एकाने वेगळे काही वाजवले असते तर उरलेल्या दोघांचेही वादन बदलले असते, हे ऐकताना पटत जाते.

जॅझची रीत ज्याला म्हणता येईल ती ही आहे आणि मृदूपणाशी तिचे काही वैर नाही. म्हणून 'फार गोड आहे, म्हणून जॅझ नाही' हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

आता हीच कसोटी स्मूद जॅझच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाला लावावी. प्रथम धून चालू असतानाचा बास आणि ड्रम ऐकावेत. मग एकल वादनाच्या जागी जाऊन पुन्हा तेच दोन ऐकावेत. काही बदलले का? एकल वादक वर चढला तेव्हा ड्रमवादकाने दखल घेतली का? तो थांबला तेव्हा ती रिकामी जागा कुणी भरली, की ती तशीच राहिली? बऱ्याच ध्वनिमुद्रणांत उत्तर 'काहीच बदलले नाही' असे येईल, आणि त्यामागे वादकांच्या कुवतीपेक्षा कामाची पद्धत कारणीभूत असते. ठेका आधी यंत्रावर बांधला जातो, त्यावर कीबोर्ड आणि बास चढतात आणि सॅक्सोफोन सर्वांत शेवटी, कधी कधी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या शहरात, मुद्रित होतो. जो ठेका आधीच मुद्रित होऊन गेला, तो नंतर आलेल्या सॅक्सोफोनला उत्तर कसे देणार? तो वादक कितीही उत्कट वाजवत असला तरी भिंतीशी बोलत असतो.

पण 'बऱ्याच' म्हणजे 'सर्व' नव्हे. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांची 'वाइनलाइट' ही १९८० सालची ध्वनिमुद्रिका स्मूद जॅझच्या पायाच्या दगडांत धरली जाते आणि तिच्यात ड्रमवर स्टीव्ह गॅड, बासवर मार्कस मिलर, गिटारवर एरिक गेल आणि तालवाद्यांवर राल्फ मॅकडोनल्ड आहेत. शीर्षकरचना लावून फक्त मिलर यांच्या बासवर लक्ष ठेवावे. ठेका सैल न करता ते सॅक्सोफोनच्या वाक्यांमधल्या फटी कसे हेरतात, हे ऐकण्यासारखे आहे. इथे माणसे एकमेकांना ऐकत आहेत. ठेका सोलचा आहे, धून गोड आहे, पृष्ठभाग चकचकीत आहे आणि तरीही माझ्या कसोटीला हे ध्वनिमुद्रण उतरते.

याच ध्वनिमुद्रिकेतील 'जस्ट द टू ऑफ अस' हे बिल विदर्स यांनी गायलेले गाणे १९८१ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर ते सात मिनिटांहून अधिक आहे आणि त्यात स्टीलपॅनचे (पोलादी पिंपापासून घडवलेले सुरेल वाद्य) व सॅक्सोफोनचे ऐसपैस वादन आहे. रेडिओसाठी निघालेल्या तबकडीत ते चार मिनिटांच्या आसपास आणले गेले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. कात्री कुठे चालली हे कळले, की स्मूद जॅझविषयीच्या अर्ध्या तक्रारी वादकाकडे न नेता संकलकाच्या टेबलावर नेऊन ठेवाव्यात असे वाटू लागते.

पाचवी पायरी: फसव्या कसोट्या बाजूला ठेवाव्यात

या वादात काही विधाने पुन्हा पुन्हा कानावर येतात. ती लवकर ओळखता आली तर वेळ वाचतो.

तंतुवाद्यांचा ताफा आला की जॅझ संपले, असे कुणी म्हणेल. बीबॉपचे, म्हणजे चाळीसच्या दशकातील वेगवान आणि गुंतागुंतीच्या जॅझचे, अग्रणी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १९४९ पासून तंतुवाद्यांच्या साथीने ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांतील 'जस्ट फ्रेंड्स' मधले त्यांचे वादन त्यांच्या उत्तम कामांत गणले जाते. मी स्वतः कित्येक वर्षे या तंतुवाद्यांच्या नावाने नाक मुरडत होतो आणि पार्कर यांची ही ध्वनिमुद्रिका न ऐकताच मुरडत होतो, हे कबूल केले पाहिजे.

लोकप्रिय झाले म्हणजे खरे राहिले नाही, हेही टिकत नाही. मे १९६४ मध्ये बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली आणले ते लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॅलो, डॉली!'ने, आणि स्विंगच्या काळात जॅझ हेच अमेरिकेच्या नाचघरांचे संगीत होते. विजेची वाद्ये हा मुद्दा तर माइल्स डेव्हिस यांच्या १९७० सालच्या 'बिचेस ब्रू'नंतर कुणी काढू नये.

एक मुद्दा मात्र जपून वापरावा, आणि तो स्मूद जॅझच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवडता आहे: 'प्रत्येक नव्या जॅझला आधी खोटेच म्हटले गेले.' यात तथ्य आहे. फ्रेंच समीक्षक ह्यूग पानासिए यांचा 'द रिअल जॅझ' हा ग्रंथ १९४२ मध्ये आला आणि पुढे काही वर्षांतच बीबॉप हे जॅझच नव्हे असे ते आग्रहाने मांडू लागले. नोव्हेंबर १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये वाजवू लागले, तेव्हाही तसेच रणकंदन झाले. पण बीबॉप आणि कोलमन यांच्यावरचा आक्षेप ते श्रोत्याकडून फार मागतात असा होता, तर स्मूद जॅझवरचा आक्षेप ते काहीच मागत नाही असा आहे. हे दोन आक्षेप एकमेकांच्या उलटे आहेत. एकाचे खंडन काळाने केले, म्हणून दुसऱ्याचेही होईलच, असे नाही.

सहावी पायरी: एकच वादक, दोन ध्वनिमुद्रणे

गिटारवादक वेस माँटगोमेरी यांच्यापासून सुरुवात करावी. 'स्मोकिन' ॲट द हाफ नोट' या १९६५ सालच्या ध्वनिमुद्रिकेत, विंटन केली यांच्या त्रयीबरोबर, 'नो ब्लूज' नावाची जवळपास तेरा मिनिटांची रचना आहे. माँटगोमेरी पिक न वापरता अंगठ्याने वाजवत. त्यांचे वादन आधी एकेरी स्वरांनी चालते, मग तोच स्वर दोन सप्तकांत एकदम छेडत दाट होते आणि शेवटी पूर्ण स्वरपुंजांवर चढते. मागे केली आणि जिमी कॉब प्रत्येक पायरीवर आच वाढवत जातात. त्यानंतर १९६७ सालची 'अ डे इन द लाइफ' ऐकावी. निर्माते क्रीड टेलर, वाद्ययोजना डॉन सेबेस्की यांची, बीटल्सचे गाणे, भोवती तंतुवाद्ये. तीच दोन सप्तकांची जोडी इथे मुख्यतः धून म्हणण्यासाठी आहे. हात तोच आहे, आवाज तोच आहे. त्या हाताला करायला दिलेले काम आखडले आहे. ती ध्वनिमुद्रिका मोठ्या प्रमाणावर खपली आणि स्मूद जॅझची पुढची वाट बरीचशी तिथूनच फुटते.

याला विकले जाणे म्हणणारे अनेक आहेत. मला ते म्हणवत नाही. माँटगोमेरी यांच्यावर मोठ्या कुटुंबाचा भार होता; इंडियानापोलिसमध्ये त्यांनी कित्येक वर्षे दिवसा कारखान्यात काम करून रात्री क्लबमध्ये वाजवले होते आणि जून १९६८ मध्ये ते गेलेही. दुसरे ध्वनिमुद्रण पहिल्यापेक्षा कमी जॅझ आहे, असे मी म्हणेन. त्या माणसाविषयी त्यातून काही म्हणणार नाही.

जॉर्ज बेन्सन यांचा प्रवास याच वाटेने जातो, फक्त त्यांच्या वेळेपर्यंत ती हमरस्ता झाली होती. ऑर्गनवादक जॅक मॅकडफ यांच्या संचात ते तयार झाले आणि माइल्स डेव्हिस यांच्या 'माइल्स इन द स्काय' (१९६८) मधील एका रचनेतही ते आहेत. मग १९७६ मध्ये 'ब्रीझिन'' आली आणि बिलबोर्डच्या पॉप, सोल आणि जॅझ या तिन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यातील आठ मिनिटांच्या 'दिस मास्करेड' मध्ये बेन्सन गिटारवर जे वाजवतात तेच त्याच क्षणी तोंडाने गातात, मधे होर्हे डाल्टो यांचे मोकळे पियानोवादन आहे आणि मागे क्लाउस ओगरमन यांची तंतुवाद्ये आहेत. हे पॉप की जॅझ, असे मला कुणी विचारले तर मी पियानोवादन संपेपर्यंत थांबायला सांगतो.

सर्वांत गमतीची जोडी पियानो व कीबोर्डवादक बॉब जेम्स यांच्या ध्वनिमुद्रणांची आहे. स्मूद जॅझच्या जनकांत ज्यांचे नाव हमखास येते, त्या जेम्स यांनी १९६५ मध्ये ईएसपी-डिस्क या बंडखोर कंपनीसाठी 'एक्स्प्लोजन्स' नावाची ध्वनिमुद्रिका केली होती आणि तिच्यात ध्वनिफितीवरचे विचित्र इलेक्ट्रॉनिक आवाज व मुक्त वादन आहे. नवख्या श्रोत्याला ती पहिल्या पाच मिनिटांतच बंद करावीशी वाटेल. त्याच माणसाने १९७४ मध्ये 'नॉटिलस' केले, ज्याचे तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी असंख्य वेळा उचलले, आणि १९९० मध्ये ली रिटनूर, नेथन ईस्ट आणि हार्वी मेसन यांच्यासह फोरप्ले हा स्मूद जॅझचा नामांकित संच उभा केला. हेच मेसन 'हेड हंटर्स'वर ड्रम वाजवत होते. असे वादक जॅझचे घर सोडून पळालेले नव्हते; त्या घराची किल्ली त्यांच्या खिशातच होती.

सातवी पायरी: दुसरी वंशावळ पाहावी

केनी जी यांनाच स्मूद जॅझचा चेहरा मानले, की एक मोठी गोष्ट नजरेआड होते. या संगीताचा मोठा भाग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल आणि गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीते) परंपरेतून वाढलेला आहे. पन्नास-साठच्या दशकांतील जिमी स्मिथ, जॅक मॅकडफ यांचे ऑर्गनचे संच, मग सत्तरच्या दशकातील सीटीआय कंपनीची ध्वनिमुद्रणे, मग रात्रीच्या रेडिओवरचा 'क्वायट स्टॉर्म'. हा कार्यक्रम वॉशिंग्टन डीसीमध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर केंद्रावर मेल्विन लिंडसे यांनी १९७६ मध्ये सुरू केला आणि स्मोकी रॉबिन्सन यांच्या आदल्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेवरून त्याला नाव मिळाले. संथ सोल गाणी आणि मृदू वाद्यसंगीत यांची जी वीण पुढे स्मूद जॅझ केंद्रांनी वापरली, ती इथे आधीच विणली गेली होती. जॅझ क्रुसेडर्स या संचाने १९७१ मध्ये आपल्या नावातून 'जॅझ' हा शब्दच काढून टाकला होता. म्हणजे काही वादकांना या शिक्क्याची हौस तर नव्हतीच, अडचण होती.

ही वंशावळ माहीत झाली, की प्रश्न थोडा फिरतो. ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचे संगीत 'कमी पडलेले जॅझ' आहे, की ते पूर्ण वाढलेले वाद्य-सोल आहे, ज्यात जॅझची भाषा बोलली जाते? मी दुसऱ्याकडे झुकतो. त्यांनी १९९४ मध्ये 'ऑल माय टुमॉरोज' ही पारंपरिक वळणाची ध्वनिमुद्रिकाही केली. ती 'वाइनलाइट'च्या शेजारी ठेवून पाहावी.

आठवी पायरी: केनी जी प्रकरण थंड डोक्याने वाचावे

१९९९ मध्ये केनी जी यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' या ध्वनिमुद्रणावर आपला सॅक्सोफोन चढवला. पुढल्याच वर्षी गिटारवादक पॅट मेथनी यांनी त्यावर अत्यंत कडक शब्दांत हल्ला केला आणि तो आजही या वादात शस्त्रासारखा काढला जातो. बहुतेक जण त्यातला संताप तेवढा लक्षात ठेवतात. त्यात दोन वेगळे आक्षेप होते. एक वादनाविषयीचा होता: लयीची जाण ढिली, स्वरवाक्यांचा साठा मर्यादित. दुसरा औचित्याविषयीचा होता: हयात नसलेल्या, या परंपरेच्या मूळपुरुषाच्या आवाजावर त्याच्या संमतीविना वाजवणे. पहिला आक्षेप आपल्याला वरच्या पायऱ्यांनी स्वतः तपासता येतो आणि माझ्या कानाला तो बऱ्याच अंशी पटतो. दुसरा आक्षेप जॅझ कशाला म्हणावे याच्याशी संबंधित नाही. तो पटला तरी त्यावरून व्याख्या ठरत नाही. शिवाय आर्मस्ट्राँग यांचे ते १९६७ सालचे ध्वनिमुद्रण मुळात तंतुवाद्यांच्या साथीचे लोकप्रिय गीत आहे, हे दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात.

कौशल्याचा मुद्दाही इथेच निकालात काढावा. १९९७ मध्ये केनी जी यांनी नाकाने श्वास घेत घेत सॅक्सोफोनवर एकच स्वर ४५ मिनिटे ४७ सेकंद धरून विक्रम केला. ज्याला वाजवता येत नाही त्याचे हे काम नव्हे. पण पाऊण तास एकच स्वर धरणाऱ्याला दुसऱ्या कुणाला ऐकण्याची गरज पडत नाही, आणि माझी तक्रार असलीच तर तेवढीच आहे.

नववी पायरी: वही ठेवावी

वादात उतरण्याआधी वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणांची एक वही करावी. प्रत्येक नोंदीत ठेका कसा आहे, धून किती बारांनी परतली, साथ बदलली का आणि कुठे बदलली, एवढेच लिहावे. शेवटी एका वाक्यात आपले मत लिहावे आणि त्यापुढे तारीख घालावी. कुणी 'हे जॅझ नव्हे' म्हणाले तर त्याला 'कोणत्या मिनिटाला?' असे विचारावे. ज्याने खरोखर ऐकलेले असते तो या प्रश्नाने खूश होतो आणि मग बोलणे रंगते. ज्याने ऐकलेले नसते तो विषय बदलतो.

माझ्या वहीत ग्रोव्हर वॉशिंग्टन यांच्या १९७५ सालच्या 'मिस्टर मॅजिक'समोर खाडाखोड आहे. पहिल्या नोंदीत 'एकच ठेका, नऊ मिनिटे, पार्श्वसंगीत' असे लिहून मी मोकळा झालो होतो. दुसऱ्या वेळी 'पार्श्वसंगीत' खोडून त्यावर प्रश्नचिन्ह काढले. तिसऱ्या वेळी सॅक्सोफोन मुद्दाम टाळून एरिक गेल यांची गिटार आणि हार्वी मेसन यांचे ड्रम एवढेच शेवटपर्यंत ऐकले आणि समासात लिहिले, की गेल दरवेळी तेच वाजवत आहेत असे वाटते, पण ते तेच वाजवत नाहीत.